दुकानात न गळणारा डबा लोकलमध्येच का गळतो?

सोमवारी सकाळी रबाळ्याला उतरले आणि बॅगेच्या तळाला हात लागला, तो ओला. आत मटकीच्या उसळीचा रस्सा चार्जरच्या वेटोळ्यापर्यंत पोचलेला. डबा तीनच आठवड्यांचा, चार कड्यांचा, झाकणावर ठळक अक्षरांत ‘लीकप्रूफ’. घेताना दुकानदारानं पाणी भरलं, उलटा धरला, वर दोनदा झटकून दाखवला. थेंब पडला नव्हता.

त्यात मी प्लास्टिकच्या साच्यांचं डिझाइन करते, आणि गेली काही वर्षं त्यात डब्यांची नि बाटल्यांची झाकणंच जास्त. त्यामुळे कंपनीत जे हसं व्हायचं ते झालंच. पण हा प्रश्न मला वर्षभर कोणी ना कोणी विचारत असतं: बिल्डिंगमधल्या काकू, नणंद, डब्यातल्या (म्हणजे लोकलच्या डब्यातल्या) मैत्रिणी. प्रश्नही ठरलेला, ‘कुठल्या कंपनीचा घेऊ?’ माझं उत्तर असं की आधी आहे तो डबा नेमका कुठून गळतोय ते बघा. नवा घेऊन तेच होणार असेल तर पैसे कशाला घालवायचे?

डबा धुवायची घाई करू नका

गळलेला डबा घरी आला की आपण पहिल्यांदा काय करतो? घासायला टाकतो. तिथेच पुरावा वाहून जातो. आपल्या स्वयंपाकात हळद आहे ही या कामात मोठी सोय आहे. हळदीचा पिवळा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो, आणि झाकणाचं सिलिकॉनचं रबर तेल पिऊन घेतं. म्हणजे रस्सा ज्या वाटेनं बाहेर गेला ती वाट रबरावर रंगवलेली मिळते. परदेशी प्रयोगशाळेत यासाठी रंगद्रव्य वापरतात, आपल्याकडे ते फोडणीतच असतं.

रबर खाचेतून हलक्या हातानं काढा. त्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा, कारण पुढे येईल. आता रबराची बाहेरची कड बघा. आतली कड पिवळी असणारच, तिचं काही मनावर घेऊ नका.

बाहेरची कड फक्त कोपऱ्यांत पिवळी असेल, तर तिथे झाकण पुरेसं दाबलं जात नाही. एकाच जागी बारीक पिवळी रेघ असेल, तर तिथे काहीतरी अडकलंय, नाहीतर रबराला किंवा डब्याच्या काठाला चीर आहे. सगळीकडून सारखंच पिवळं असेल, तर रबर उलटं बसलंय, निबर झालंय, किंवा वाफेनं झाकण उचललं गेलंय. आणि बाहेर कुठेच पिवळं नाही पण बॅग ओली आहे? मग झाकणावरची वाफेची बुची बघा. तीही कोरडी असेल तर बहुधा डबा निर्दोष आहे. पावसाळ्यात नि मे महिन्यात ठाण्याच्या हवेत इतका दमटपणा असतो की फ्रिजमधून काढलेली साधी बाटली दहा मिनिटांत घामानं निथळते. ती गळती समजून नणंदेनं दोन बाटल्या बदलल्या होत्या.

बारीक रेघेच्या बाबतीत माझा पहिला संशय मोहरीवर असतो. खरंच. रबर काढा, खाचेत बघा. फोडणीतला एक दाणा रबराखाली जाऊन बसलेला असतो आणि तेवढ्या जागी रबर उचललेलं असतं. दाणा दीड मिलिमीटरचा असला तरी झाकणाच्या हिशेबात तो डोंगर आहे. कढीपत्त्याचं पान, कोथिंबिरीची काडी, भाताचं शीत, स्वयंपाक करणारीचा एखादा केस, यातलं काहीही पुरतं. माझ्या त्या सोमवारच्या डब्यात मात्र मोहरी नव्हती. पिवळं होतं ते दोन कोपऱ्यांत.

पाण्याची परीक्षा फसवी

दुकानदार खोटं बोलत नव्हता. पाणी खरंच गळलं नव्हतं. पण पाणी आणि रस्सा यांचा स्वभाव वेगळा. सिलिकॉनवर किंवा डब्याच्या प्लास्टिकवर पाण्याचा थेंब टाकला तर तो मोत्यासारखा गोल राहतो, पसरत नाही. म्हणून केसाएवढी फट असली तरी पाणी तिच्यात शिरायला कां कूं करतं. तेलाचा पृष्ठताण, म्हणजे थेंबाला गोल ठेवणारी ओढ, पाण्याच्या निम्म्याहूनही कमी. ते दोन्हींवर पसरतं, आणि तीच फट त्याला आत ओढून घेते. तर्रीवाल्या रश्श्यात तेल वरच तरंगत असतं आणि डबा आडवा झाला की पहिल्यांदा झाकणाला तेच भिडतं.

दुसरं, दुकानात डबा उलटा असतो दहा सेकंद. ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून वाशीची गाडी पकडायची, बॅग रॅकवर टाकायची, तीही आडवी, वर आणखी दोघींच्या बॅगा. रॅक मिळाला नाही तर बॅग पोटाशी धरून उभं राहायचं. गर्दीत डब्याच्या भिंती दाबल्या जातात, पातळ भिंत आत गेली की काठ लंबुळका होतो आणि झाकण मात्र आपल्या जागी. हे सगळं अर्धा-पाऊण तास.

म्हणून घरी अशी परीक्षा घ्या. कोमट पाणी, त्यात चमचाभर तेल, चिमूटभर हळद, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. डबा तीन चतुर्थांश भरा, नीट हलवा आणि जुन्या वर्तमानपत्रावर आडवा ठेवा. चौकोनी असेल तर प्रत्येक कुशीवर वीस-वीस मिनिटं, वर एखादं जाड पुस्तक. नंतर कागद उजेडापुढे धरा. पाण्याचा डाग सुकून जातो, तेलाचा डाग काचेसारखा पारदर्शक दिसतो आणि राहतो. कुठल्या बाजूला पडलाय त्यावरून जागाही कळते.

कोपरे, म्हणजे खरं दुखणं

चौकोनी डबा आपल्याला हवा असतो कारण तो लॅपटॉपच्या बॅगेत उभा बसतो. मलाही तोच हवा असतो. पण गळतीच्या दृष्टीनं गोल डब्याला तोड नाही. फिरकीचं गोल झाकण घट्ट केलं की दाब सगळ्या परिघावर सारखा वाटला जातो. चौकोनी डब्याला कडी असते बाजूच्या मधोमध, आणि कोपरा तिच्यापासून सगळ्यात लांब.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा. काठावर एक पट्टी ठेवून झाकण लावा, कड्या बंद करा, पट्टी ओढा. कडीजवळ ती फाटेल पण निघणार नाही. कोपऱ्यात अलगद सुटून आली तर रस्साही तितक्याच अलगद सुटणार. आठ जागी करून बघायला पाच मिनिटं लागतात. फ्रिजच्या दाराचं रबर तपासायलाही हीच युक्ती चालते.

आता थोडं आमच्या बाजूचं सांगते. मागे आम्ही असाच एक लांबट डबा केला. पहिल्या ट्रायलचे दहा नग टेबलावर आडवे ठेवले तर सात कोपऱ्यातून गळले. शेठ म्हणाले, ‘कडी टाइट करा.’ सगळेच तसं म्हणतात, मीही तेच केलं. कडीची पकड ०.३ मिलिमीटरनं वाढवली. दुसऱ्या ट्रायलला गळती वाढली! झाकण मधोमध जास्त ओढलं गेलं, रबरानं कोपऱ्यांना वर ढकललं, झाकणाचा पापड झाला. वर कडीच्या बिजागरीवर पांढरी रेघ उमटली. पॉलिप्रॉपिलिनवर, म्हणजे डब्याच्या प्लास्टिकवर, ज्याला आम्ही नुसतं पीपी म्हणतो, अशी पांढरी रेघ दिसली की समजायचं, इथे ताण सोसवत नाहीये.

हिशेब असा आहे. रबर समजा ३ मिलिमीटर जाडीचं. ते नीट रोखायला साधारण २० ते २५ टक्के दबलं पाहिजे, म्हणजे ०.६ ते ०.७५ मिलिमीटर. इतकीच आपली पुंजी. आता पीपी साच्यातून निघून गार होताना एक ते दोन टक्के आकसतं. १८० मिलिमीटर लांबीचं झाकण दोन-तीन मिलिमीटरनं लहान होतं. ते तर आम्ही धरूनच चालतो, पण सगळीकडे सारखं आकसलं तर ना! जाड भाग उशिरा गार होतो, पातळ लवकर, आणि झाकण वाकतं. कोपऱ्यात अर्ध्या मिलिमीटरचा वाक आला की त्या पुंजीतलं जवळजवळ सगळं गेलं.

शेवटी तीन गोष्टी बदलल्या आणि कडी होती तशीच ठेवली. झाकणाच्या कडेनं आतल्या बाजूला उभी धार फिरवली, म्हणजे झाकण ताठ झालं आणि कडीचा दाब कोपऱ्यापर्यंत पोचायला लागला. रबर ६० शोअरचं होतं ते ४० चं घेतलं. हा आकडा रबराच्या कठीणपणाचा, जितका कमी तितकं मऊ. मऊ रबर वाकड्या काठाशी जुळवून घेतं. तिसरी गोष्ट खर्चाची: कोपऱ्याची गोलाई १२ वरून २५ मिलिमीटर केली. तीव्र कोपऱ्यात रबर ताणलं जाऊन बारीक होतं, नेमकं जिथे जाड हवं तिथेच. साच्यातून धातू कापून काढणं सोपं असतं, भरणं महाग. इथे चारही कोपरे भरून पुन्हा कापायला लागले. शेठनी बिल बघून जो चेहरा केला तो अजून आठवतो. पण तिसऱ्या ट्रायलचे दहाही नग कोरडे निघाले.

वापरणाऱ्याला यातलं काय उपयोगी? घेताना झाकण दोन्ही हातांत धरून पिळून बघा. वहीच्या पुठ्ठ्यासारखं वळत असेल तर ठेवून द्या. कोपरे जितके गोल तितकं बरं. आणि ज्या काठावर रबर टेकतं त्या काठावरून नख फिरवा. नखाला आडवी धार लागली तर तिथे साच्याचे दोन भाग मिळाल्याची रेघ आली आहे. ती रेघ म्हणजे आतून बाहेर जाणारी पायवाट.

गरम भरला की गणित बदलतं

सकाळी सव्वासातला कुकर उतरतो, साडेसातला आमटी डब्यात, पावणेआठला रिक्षा. डबा बंद केला त्या क्षणी आत आमटीवर बाहेरची गार हवा कोंडली जाते. ती तापते, फुगते, वर वाफेची भर. आतला दाब झाकण बाहेर ढकलतो आणि रिक्षाच्या हिसक्यांनी आमटी उसळली की ती हवा अजून तापते. पहिली दहा-पंधरा मिनिटं ही सगळ्यात धोक्याची. नेमके आपण तेव्हा स्टेशनचा जिना चढत असतो.

पुढे उलटा खेळ. वाफ जिरते, आत पोकळी होते. वरची रिकामी जागा ८० अंशांच्या वाफेनं भरलेली असताना डबा पक्का बंद झाला आणि ३० अंशांपर्यंत निवला, तर आतला दाब जवळपास निम्म्यावर येतो. १२ सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर बाहेरची हवा मग पन्नासेक किलोनं बसते. दुपारी दोन वाजता कँटीनमध्ये तिघं मिळून एक डबा उघडतायत, चमच्याच्या दांड्यानं कड खुपसतायत, हे दृश्य सगळ्यांनी बघितलंय. त्या खुपसण्यात रबराला चीर पडते आणि दुसऱ्या दिवसापासून डबा गळायला लागतो. म्हणजे गळतीचं कारण आदल्या दिवशीचं घट्ट बसणं!

उपाय साधा: रस्सा भरला की झाकण नुसतं टेकवून पाच-दहा मिनिटं ठेवा, तोवर पोळ्या गुंडाळा, मग कड्या लावा. बुची असलेलं झाकण असेल तर बुची उघडी ठेवून कड्या लावा नि निघताना बुची दाबा. उघडतानाही आधी बुची. वर बोटभर जागा मोकळी सोडा, काठोकाठ भरलेला डबा कुठलंही झाकण रोखू शकत नाही.

स्टीलचा डबा नि प्लास्टिकचं झाकण ही हल्लीची जोडी दिसायला छान, पण दोघांचं फुगणं सारखं नाही. १२ सेंटीमीटरचं पीपीचं झाकण ५० अंशांनी तापलं तर व्यासात अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्तच वाढतं, स्टील जेमतेम ०.१. झाकण डब्याला बाहेरून मिठी मारणारं असेल तर गरम असताना ती मिठी सैल होते. आत बसणारं बुचासारखं असेल तर गरममध्ये घट्ट आणि फ्रिजमध्ये ढिलं. तुमचा डबा ‘आमटीला गळतो पण ताकाला नाही’ किंवा ‘रात्री फ्रिजमध्ये आडवा झाला की गळतो’ असा चोखंदळ असेल, तर कारण हे.

इडली-डोशाचं पीठ हा आणखी एक वेगळा प्राणी. ते आंबताना वायू सोडत राहतं. पक्क्या झाकणाच्या डब्यात पीठ घालून ऐरोलीहून पनवेलला निघालात तर वाटेत झाकण उडेल किंवा पीठ वाट काढेल. पिठाला सैल झाकणच बरं, आणि डबा अर्धाच भरलेला.

रबर

कुकरचं रबर आपण बदलतो, डब्याचं कधीच नाही. धुतल्यावर उलटं बसवणं हे तर मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण. बहुतेक रबरांना एका बाजूला पातळ जीभ असते. तिचं तोंड कुठे होतं ते आधीच्या फोटोत बघा, अंदाजानं लावू नका. रबर काढून वाळवा, नाहीतर खाचेत काळी बुरशी धरते.

डबा रिकामा असताना कड्या लावून ठेवू नका. महिनोन्‌महिने दाबून राहिलेलं रबर दबलेलंच राहतं, पुन्हा फुलत नाही. तपासायला नखानं दाबून सोडा. खूण तशीच राहिली तर त्याचे दिवस भरले. घेतानाच विचारा की सुटं रबर मिळतं का. ठाण्यात जांभळी नाक्यावर भांडी घेताना मी आधी हा प्रश्न विचारते, डब्याची किंमत नंतर. ‘जवळपास तसंच’ रबर घेऊ नका: लांब असेल तर खाचेत लाट येते, आखूड असेल तर ताणून बारीक होतं.

आईची एक युक्ती आहे, काठावर स्वच्छ पिशवीचा तुकडा ठेवून त्यावर झाकण दाबायचं. तत्त्व बरोबर आहे. मिसळवाला कट पिशवीत घालून रबरबँड मारतो, तो घरापर्यंत सांडत नाही, कारण मऊ पापुद्रा चुरगळून प्रत्येक फट भरतो. पण गरम नि तेलकट पदार्थाला पिशवी लागू द्यायची नसते, म्हणून हे गार कोशिंबिरीपुरतं.

बाटल्यांचं थोडक्यात

आजीकडे पितळेचा फिरकीचा तांब्या होता. एसटीच्या प्रवासात पाणी त्यातूनच जायचं, पण कडीला धरून, उभा. आडवा केला की झिरपायचाच, कारण आटे गळती थांबवत नाहीत. आटे फक्त दाबतात, थांबवतं ते रबर. बाटलीचं झाकण खूप आवळूनही गळत असेल तर आवळणं थांबवा, आतली चकती बघा. ती निसटून बेसिनमध्ये गेली असण्याचीच शक्यता जास्त. जास्त आवळल्यानं चकती चुरगळते आणि आटे झिजतात ते वेगळंच.

पोरांच्या स्ट्रॉवाल्या बाटलीत उन्हानं हवा फुगते आणि पाण्याला स्ट्रॉमधून वर ढकलते. झाकण उघडताच चूळ भरल्यासारखी पिचकारी येते. ती गळती नव्हे, झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय. सुईनं टोचू नका, आतली मऊ पापणी फाटते. कोमट पाण्यात भिजवून बोटानं चोळलं की मोकळं होतं.

माझ्या सोमवारच्या डब्याचं पुढे काय झालं? पट्टी दोन कोपऱ्यांतून सुटली, झाकण सपाट काचेवर ठेवलं तर एक कोपरा वर. कदाचित पहिल्याच आठवड्यात मी ते उकळत्या पाण्यात टाकलं होतं त्याचा हा प्रसाद. वाकलेलं पीपी सरळ होत नाही, आणि तुटलेली कडी झटपट गोंदानं चिकटत नाही, कारण पीपीला साधा गोंद धरत नाही. डब्यात आता शेव असते. रस्सा नेते फिरकीच्या गोल डब्यात, आणि लॅपटॉपच्या बॅगेला त्याचा जो फुगवटा येतो तो येऊ देते.